तुझ्या हातातला वाढलेला आवाज

प्रिय ताई,

डायलिसिसला तुझ्या शेजारच्या खाटेवर असायच्या त्या लोपीसबाई काल मुलुंडच्या आपल्या मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात आल्या. बाही सारून म्हणाल्या, "बाबू, ऐक रे माझा फिस्तुला. तुझी ताई म्हणायची, भावाचा कान डॉक्टरपेक्षा तिखट." मी कान लावला नाही. "भाव खातोस?" म्हणाल्या. का नाही लावला, ते तुलाच सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

डायलिसिससाठी कोपराजवळ शीर धमनीला जोडून तो फिस्तुला केल्यावर तू त्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातात चढवल्यास. रोज सकाळी हात माझ्या कानाशी आणायचीस. "चालू आहे ना रे कारखाना?" आत घरघर चालू असायची. ती थांबली तर वाट लागली, एवढंच आपल्याला ठाऊक. भीती फक्त शांततेची.

मग आवाज वाढत गेला. मी खूश! "ताई, झकास, नवी मोटार!" तू हसलीस आणि आणखी एक उशी मागितलीस. आडवं पडलं की दम लागतो म्हणालीस. मी म्हटलं, "पाणी कमी पी ना. परवा दोन वाट्या सोलकढी कोणी ढोसली?" तू मला उलट बोलली नाहीस, तेव्हाच समजायला नको होतं?

तू गेल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून दाखवलं. त्या जोडातून रक्त फार जोरात वाहिलं, की हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. तुझं आधीच थकलेलं. "हेच कारण, असं म्हणत नाही," ते म्हणाले, "पण आवाज वाढल्याचं कळलं असतं, तर तपासलं असतं."

गिऱ्हाईक म्हणतं, पंप जोरात वाजतो म्हणजे दमदार. मी त्याला हसतो. अरे, आवाज वाढला तर मोटारीवर भार आलाय! इतकी वर्षं जळलेल्या मोटारींत नवी तार भरून हेच शिकलो, आणि तुझ्यापाशी गिऱ्हाईक होऊन बसलो. ऐकू आलं होतं ताई, मी शाबासकी दिली.

तू म्हणशील, "मेल्या, तू काय डॉक्टर होतास?" नव्हतो. मग रोज कान कशाला लावत होतो गं?

लोपीसबाईंना उद्या घेऊन सेंटरवर जातोय. कान लावीन, पण डॉक्टरांसमोर. ऐकू येईल ते सांगीन, बरं की वाईट ते ठरवतील. आणि कोणी दम लागतो म्हणालं, तर थट्टा करणार नाही. आधी विचारीन, कधीपासून?

तुझा,
बाबू