शनिवारची मंडळी वेल्ह्याला जातात

८ नोव्हेंबर, शनिवार

कुमार वेल्ह्याला जातो! अमृतकडे! आणि हे मला कुणी सांगावं — तर गेनबानं.

गेनबा पासलीहून आंबेमोहोराची पोती घेऊन आला होता. माझ्या बीअरला तांदूळ त्याचाच. टेम्पोतून उतरता उतरता सहज म्हणाला, "सर दिसलं की तुमचं, अमृतच्या हाटेलात. पाच-सा जण व्हती. लई हसत व्हती."

मी म्हटलं, असतील. आणि पोती उतरवून घेतली.

लई हसत होती म्हणे. माझ्याकडे शेवटची कधी हसली होती?

११ नोव्हेंबर

डोक्यातून जात नाही.

या भागात बीअर फक्त हिरव्या बाटलीतून येते असं समजत होते लोक, तेव्हा मी कापूरहोळहून भोरकडे वळणाऱ्या रस्त्यावर टाक्या उभ्या केल्या. लोक भट्टी म्हणायचे. आंबवड्याच्या मामांनी तर किती दिवस माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. हॉटेलला नाव दिलं 'पहिली धार'. उद्घाटनाच्याच दिवशी एक मास्तर पाटीखाली उभा राहून म्हणाला, "अहो, धार दारूला असते. बीअरला कुठली धार?" तो कुमार. भोंगवलीचा, शाळेत विज्ञान शिकवायचा. पाटीला हसला, आत आला, आणि बसला तो बसलाच. दर शनिवारी, आपली चार टाळकी घेऊन. नवीन टाकी उघडली की पहिला घोट कुमारचा. तो डोळे मिटून चव घ्यायचा आणि आम्ही सगळे त्याच्या भुवयांकडे बघत बसायचो. भुवई वर गेली की जिंकलो!

गेलं वर्षभर येणं विरळ झालं. गणपतीनंतर आला होता. "आज नको रे, स्वरूप," म्हणाला. नको? पहिल्या धारेत येऊन नको? मी भरलाच ग्लास. माझ्याकडून कुणी कोरडा उठत नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. त्यानं ओठाला लावला आणि तसाच ठेवून गेला. भरलेला!

चव आवडेना झालीय, तर तोंडावर सांग ना. तेवढा हक्क दिला होता की तुला.

१२ नोव्हेंबर

रत्ना म्हणते, "बायको पळून गेल्यागत काय बसलाय? मी हितंच हाय."

१६ नोव्हेंबर

अमृतला मी शिकवलं. टाकीत उतरून घासायला लावलं, जवाचा दाणा दातानं फोडून बघायला लावला. दादा-दादा करत मागं फिरायचा. मागच्या साली तोरण्याच्या पायथ्याला स्वतःचं टाकलं. नारळ मीच फोडला. फोटोत हसतोयसुद्धा!

पोरगा गुणी आहे. तेच तर पोटात दुखतं. नालायक असता तर त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

सकाळपासून मोबाईलवर त्याचंच बघत बसलोय. करवंदाची बीअर. जांभळाची बीअर. उद्या पिठल्याची काढेल. खाली लोक लिहितात — 'शेवटी काहीतरी वेगळं!' अरे, वेगळं काय असतं ते तुम्हाला कुणी दाखवलं? तेव्हा नाकं मुरडत होतात!

एका दीडशहाण्यानं लिहिलंय, 'पहिली धार एके काळी भारी होती.' एके काळी! मी अजून जिवंत आहे.

१९ नोव्हेंबर

ठरलं. पहिल्या वर्षीची बीअर पुन्हा काढायची. तांदूळ सढळ, कडूपणा बेताचा, तशीच गढूळ. १३ डिसेंबरला वर्धापनदिन, शनिवारच आहे. सगळ्या जुन्या मंडळींना बोलवायचं. एकदा ती चव जिभेवर पडली की वेल्ह्याचा रस्ता विसरतील.

आज आंबेमोहोर शिजवला. वास पार रस्त्यापर्यंत! स्वारगेटची एसटी गेली, खिडकीतली माणसं माना काढून बघत होती. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर

'शनिवार मंडळ' ग्रुपवर आमंत्रण टाकलं. बाकीच्यांनी अंगठे दाखवले. कुमारनं नुसते हात जोडले.

हात जोडले म्हणजे काय? येतो म्हणून जोडले की माफ कर म्हणून जोडले? मी दहा वेळा बघितले ते हात.

१० डिसेंबर

चाखली. तीच! अगदी तीच. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. रत्नानंही घोटभर घेतली. म्हणाली, "झ्याक झालीया. आता जरा जेवा."

१३ डिसेंबर

पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याची पोरं-पोरी, गाड्या पार वळणापर्यंत लावलेल्या. गल्ला भरला. एक मुलगी मला म्हणाली, "सर, तुमचं सगळं कित्ती व्हिंटेज आहे!" व्हिंटेज म्हणजे मी.

कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवलं होतं. कुणालाही बसू दिलं नाही. दोन-तीन जण चिडून परत गेले, जाऊ देत. पहिला ग्लास भरून कुमारच्या जागेवर ठेवला.

आला नाही. एकही आला नाही. फेस बसला, बीअर कोमट झाली. शेवटी रत्नानं मोरीत ओतली.

२० डिसेंबर, शनिवार

गेलो. लाज गुंडाळून गेलो. गाडी पंक्चरवाल्यापाशी लावली आणि चालत अमृतच्या कुंपणापर्यंत. चोरासारखा! या वयात!

सगळे होते. आणि मधोमध कुमार. हातात स्टीलचा हा मोठा ग्लास — अमृतचं काहीतरी नवीन खूळ असणार. घटाघटा प्यायला. मिशीला पांढरा फेस लागला, तो मनगटानं पुसला आणि दुसरा मागवला. दुसरा! माझ्याकडे ओठाला लावायला जिवावर येत होतं, आणि इथं दुसरा!

मग तो हात उडवून काहीतरी रंगवून सांगायला लागला. अमृत काम टाकून शेजारी उभा, पोरासारखा कान देऊन ऐकतोय. ती माझी जागा होती. तिथं मी उभा असायचो.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तसाच मागं फिरलो. घाटात कुणाला तरी उगाच शिवी हासडली.

२१ डिसेंबर

ग्रुपवर लिहिलं — 'ज्यांना पहिली धार आता बेचव लागते, त्यांनी खुशाल वेल्ह्याला जावं. इथं त्यांची खुर्ची राखलेली नाही.'

पाठवलं. चहा पिईपर्यंत फार गार वाटत होतं.

दुपारी बघितलं. कुमार ग्रुप सोडून गेला.

२२ डिसेंबर

ग्रुपवर कुणीच काही बोलत नाही. रत्नाला वाचून दाखवलं. म्हणाली, "ह्ये लिवलं तुमी? सरांना?" आणि आत गेली.

बरोबरच लिहिलं मी. काय चुकलं?

२७ डिसेंबर, शनिवार

कोपऱ्यातल्या टेबलावर आज दुसऱ्या लोकांना बसवलं. हिंजवडीची पोरं, बरी होती. जुनी बीअर मागून मागून प्यायली. एकजण म्हणाला, "काका, हीच कायम ठेवा ना." ठेवतो म्हटलं. म्हणताना त्याच्या भुवयांकडे बघितलं. तिथं काहीच हललं नाही. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

फोन हातात घेतला होता. कुमारचं नाव काढलं आणि परत ठेवून दिला. त्यानं करावा. गेला तो, मी नाही.

१ जानेवारी

कालच्या गर्दीनं पाय सुजलेत. कुमारचा फोन नाही. दर वर्षी पहिला त्याचा असायचा.

आता अमृतला करत असेल.

३ जानेवारी

अमृतचा फोन. आला तोच तापलेला. "दादा, काय लिवलं तुमी त्ये? सरांनी वरीस झालं, थेंब घेतलेला न्हाई. लिव्हरचं दुखणं निगालं. डाक्टरनं पार बंद केलीया. माज्याकडं ताक पित्यात, हिंग-जिरं घालून!"

ताक!

"त्येंना सोडून बाकीची तरी तुमच्याकडं कशी येतील? आन् बोलणं सगळं तुमच्या बीअरचं. पयल्या वर्षी अशी व्हती न् तशी व्हती. माजी गिऱ्हाइकं कटाळली, दादा, तुमची तारीफ ऐकून."

"मग मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो. "माझ्याकडे यायचं! ताकच ना? दारात म्हैस बांधली असती मी!"

तो म्हणाला, "एवढ्यानं काय व्हतंय म्हनून भरला असता की तुमी ग्लास. तुमच्याकडं नगं म्हनायची सोय हाय का, दादा?"

भोंगवलीला निघालोय. रत्ना म्हणते, "आन् असं रिकाम्या हातानं?"

हो.