पिवळ्या दोऱ्याच्या गाठी

३ मार्च

काय रे फोना, परवा सांगितलेलं विसरलास ना? रोज तोच पांढराफटक चेहरा घेऊन पुढ्यात येतोस! तर पुन्हा ऐक. मी आजी. शिवणकाम करते. अक्षर येत नाही, म्हणून मी बोलायचं आणि तू लिहायचं – हे मला नातीनं शिकवलं, इस्पितळात जायच्या आधी.

नात म्हणजे आमची खारूताई. कॉलेजातली पोर, जेवणाला घाबरते. हसू नकोस, खरा आजार आहे तो. आता चार घास घेते, पण ताट संपत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर नाकातून नळी.

पुढच्या रविवारी भेटायला जायचंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय: "खायचं काही आणू नका. आणि वजन, माप, 'तब्येत सुधारली हं' – यातलं अक्षरही नको." मग आजीनं काय हात हलवत जायचं?

झगा शिवते.

४ मार्च

टेपवरचे आकडे मला कळत नाहीत. म्हणून घरातल्या प्रत्येकाचा एक दोरा – छाती, कंबर, उंची, जिथे माप तिथे गाठ. मुलाचा काळा, सुनेचा हिरवा, खारूताईचा पिवळा. पिवळा आता जुना झाला. नर्सबाईंना फोन लावला – तिच्या कमरेला जरा दोरा लावून गाठ मारता का?

बाई म्हणाल्या, "आजी, तिला आकडा दिसू नये म्हणून आम्ही काट्यावर पाठमोरी उभी करतो. आणि तुम्ही दोरा लावायला सांगता?"

ठेवला फोन. कान गरम.

६ मार्च

जुन्या दोऱ्यावर चार बोटं वाढवून शिवला. निळा. मुलगा म्हणाला, "झकास!" त्याला पोतं दाखवलं तरी झकास. सून मात्र झगा हातात धरून उभीच. "आई, घट्ट झाला तर म्हणेल मी जाडी झाले. सैल झाला तर खूश होईल. ते तर त्याहून वाईट."

झगा तिच्या हातातून काढून घेतला.

७ मार्च

उसवला. सगळा.

८ मार्च

कशात जीव रमत नाही. बोटाला सुई टोचून घेतली. भांडी घासता घासता सून बोलली – इस्पितळात जेवणानंतर मुलींना तिथेच बसवून ठेवतात, उठायचं नाही. तो वेळ जाता जात नाही. खारूताई मनगटं ओरबाडते.

अगं बाई, हाताला चाळा हवा तिच्या! हे आधी नाही का सांगायचं?

९ मार्च

झग्याच्या कापडाची उशी केली, मांडीवर मावेल एवढी. वर बटणं, हुक, चेन, खिशात आणखी खिसा. खिशाला ओढायला नाडी हवी होती. पिवळा दोरा घेतला. नखांनी गाठी सोडवल्या – एकेक अशी हट्टी, थेट तिच्यावर गेलेली! आता तो कुणाचं माप नाही. नुसता दोरा.

११ मार्च, रविवार

भेटलो. मनगटांना पट्ट्या.

"हे काय आजी, बटणांचं दुकान लुटलंस?"

"लुटलं नाही, तुझ्या नावावर केलं. चालव आता."

ओठ जरासे हलले. हसली म्हणू का? मग ताट आलं. अर्धं परत गेलं. मी जीभ दाताखाली धरून खिडकीबाहेर बघत बसले. इतकी गप्प मी माझ्या लग्नातही नव्हते.

१३ मार्च

फोन नाही. मशीनवर बसले, उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. सून दारात, मी खिडकीत. नळी घातली असेल का? विचारायचा धीर दोघींनाही नाही.

१५ मार्च

तिचा फोन! "नळी नाही, आजी." मग नुसती बटणांची टकटक. "नाडी माझ्या पिवळ्या दोऱ्याची ना? गाठी कुठे गेल्या?" म्हटलं, सोडल्या. पुन्हा टकटक. "उद्या बाबाबरोबर तुझे उकडलेले बटाटे पाठव. डॉक्टर हो म्हणाल्या."

सूनबाईला तूच दाखव रे फोना, माझा आवाज धड नाही: बटाटे सालीसकट उकड. लोणी डबीत, मीठ पुडीत. आणि लहान कुठला, मोठा कुठला, निवडत बसू नकोस – हाताला येतील ते पाठव.