जाइव्ह माझा नाही म्हणे
गुरुवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. जाइव्हला आपल्या टाऊनचा अधिकृत नाच करा, ही आमच्या डान्स ग्रुपची मागणी आज कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मी मांडली. कौन्सिलरबाई गोड हसून म्हणाल्या, "तुमचा स्वतःचा एखादा नाच का नाही सुचवत?"

माझा स्वतःचा? लग्न होऊन इंग्लंडला आल्यापासून दर शुक्रवारी चर्च हॉलमध्ये मी काय करतेय मग? लावणी तर मला येतही नाही.

पण खरा राग त्यांचा नाहीच. माझ्या शेजारीच पीटर बसला होता, माझा इतक्या वर्षांचा डान्स पार्टनर. त्याच्या हाताच्या नुसत्या इशाऱ्यावर मी गर्रकन फिरते. तो हात आज माझ्या बाजूने वर झाला नाही, मांडीवर तसाच पडून होता. बाहेर आल्यावर म्हणतो, "त्यांचं अगदीच चूक नव्हतं."

उद्या शुक्रवार. नेहमीसारखा हात पुढे करेल. करू दे, मी धरणार नाही.