चौथ्या दिवशी, जेवताना

४ फेब्रुवारी, मंगळवार
ठरलं! ओरलँडोहून एरिबेर्तोचा फोन. मे महिन्यात आईला बोटीवर न्यायचं. सान हुआनहून सात दिवस, पाच बेटं. आई, मी, तो आणि त्याची बायको दामारिस. निमित्त — मदर्स डे. खरं कारण — चौथ्या दिवशी जेवताना हळूच सांगायचं, की हे आरेसिबोचं घर विकू आणि तू आता मुलाकडे चल. "बोटीवरून ती रुसून शेजारणीकडे जाऊ शकत नाही," म्हणाला. धाकटा भाऊ माझा, पण डोकं पाहा!

घर तिच्या एकटीच्या नावावर, म्हणून हा खटाटोप. घटस्फोटानंतर मी इथे राहायला आले, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मीच तिला सांभाळतेय. चोपन्न वय झालं माझं. सान हुआनला दोन खोल्या, लिफ्ट, आणि "कुठे निघालीस?" विचारायला कुणी नाही — एवढंच हवंय.

९ फेब्रुवारी
जाहिरातीत माणशी सहाशे डॉलर. मग खालची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. बंदराचा कर एकशे चाळीस. नोकरांची बक्षिशी रोज माणशी सतरा — दिवसभर झोपून राहिलात तरी! आणि सहाशेची खोली बिनखिडकीची. आई मागे उभी राहून ऐकत होती.

"खिडकी नाही? मग समुद्र कुठून बघायचा?"

"वर डेकवर जाऊन, आई."

"समुद्र मला ओट्याशी उभं राहून दिसतो. फुकट."

बाल्कनीची खोली घेतली. माणशी हजार. मन खातं त्याचा दर जाहिरातीत लिहीत नाहीत.

१६ मार्च
दारूचे पैसे आधीच भरले तर स्वस्त पडतं. पण नियम असा, की खोलीतल्या एकानं भरले तर दुसऱ्यानंही भरायचे. एरिबेर्तो पिणार, म्हणून दामारिसचेही भरले. ती थेंब घेत नाही. "आता घेईन," म्हणाली, "पैसे वसूल करायला!"

आमच्या खोलीत आई. म्हणजे मला सातही दिवस लिंबूपाणी.

२ एप्रिल
आईचा जन्मदाखला जुना. चालत नाही. नवा काढायला तीन तास रांगेत. बोटीवर पासपोर्टऐवजी जन्मदाखला चालतो म्हणून खूश होते!

२७ एप्रिल
गाडी बंदरावर ठेवायची तर दिवसाला वीस. त्यापेक्षा भाड्याच्या गाडीनं जाऊ. बेटांवरच्या सहली बोटीवरून घ्यायच्या नाहीत, उतरून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची, निम्म्यात होतं. औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते.

आईनं बॅगेत स्वतःची कॉफी आणि कॉफी गाळायचं फडकं घातलं. "आई, तिथे चोवीस तास खायला मिळतं." "खायला मिळतं म्हणालीस. कॉफीचं काय?"

४ मे, रविवार
निघालो. बंदराच्या तोंडाशी, मोरोच्या किल्ल्यापाशी बोट वळली, तेव्हा आईनं काठावरच्या अनोळखी लोकांना हात केला. सगळ्यांना. बराच वेळ.

५ मे
आईला जिने चढवत नाहीत, असं मी चौदा वर्षं लोकांना सांगतेय. आज ती जिन्यानं वर गेली. लिफ्टला गर्दी होती म्हणे.

६ मे
आई नाचली! बँडवाल्यांनी बोलेरोचं जुनं संथ प्रेमगाणं वाजवलं, तर एका कोलंबियन म्हाताऱ्याबरोबर — दोनदा. नवव्या मजल्यावर तिला सगळे आदरानं "दोन्या प्रोवी", म्हणजे प्रोवीबाई, म्हणतात. मला कुणी ओळखत नाही. मी "दोन्या प्रोवींची मुलगी".

एरिबेर्तो म्हणाला, "उद्या. तूच सुरुवात कर."

"मी का? कल्पना तुझी होती!"

"तुला तिची सवय आहे."

दामारिस चौथा ग्लास वसूल करत होती. म्हणाली, "मला विचाराल तर, तुम्ही दोघं भित्रे आहात."

झोप येत नाही. पलीकडच्या पलंगावर आई लहान मुलीसारखी झोपलीय. ओरलँडोला तिला समुद्र दिसणार नाही, हे मला आज सुचतंय.

७ मे, बुधवार
मी घसा साफ केला. आईनं काटा खाली ठेवला. "आधी माझं ऐका. घर विकलं मी. जूनअखेर किल्ली द्यायचीय. व्हिएकेस बेटावर माझ्या बहिणीकडे चाललेय, नेरेइदाकडे. दोघी मिळून राहू." मग माझा हात धरला. "तुझा वाटा बँकेत ठेवलाय. कुठे जाईल पोर, म्हणून चौदा वर्षं ते घर धरून बसले. आता दमले गं मी."