न धुतलेलं रीळ

महुवा
१७ जानेवारी २०१९

चि. सौ. जलपा हिस,

बापुजींचे आणि बाचे आशीर्वाद. जय श्रीकृष्ण. मौलिककुमारांना, व्याह्यांना आणि विहीणबाईंना आमचा नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. बाच्या छातीच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, दगदग नको. म्हणून ती स्वतः बसून राहते आणि दगदग मला देते. कांद्याला यंदा भाव नाही, त्यामुळे अख्खं गाव चिडचिडं झालंय. सुरतेत पोंक, तो ज्वारीचा हुरडा, खाल्लास की नाही? बा विचारतेय.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर काही विचारलं की तू ‘एकदम मजेत’ म्हणतेस आणि लगेच ‘बाला द्या’ म्हणतेस. पत्र शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

पत्र तू हिशेब लिहायला जातेस त्या साड्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, तू सांगितलंस तसं. ‘घरी दुपारी कोणी नसतं, कुरियरवाला परत जातो.’ पोरी, तुझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, हे तूच मागे सांगितलं होतंस. मग रोज दुपारी त्या जातात कुठे? सहज मनात आलं म्हणून लिहिलं. राग मानू नकोस.

आपल्या दुकानाचं काय सांगू! पाटी स्टुडिओची, चालतं ते जेरॉक्सचं मशीन. काश्मीरचा पडदा अजून भिंतीवर आहे, त्याच्यापुढे आता कोणी उभं राहत नाही. कपांवर फोटो छापून द्यायचं मशीन घेतलं, त्यावर भागतं. लग्नाची कामं ड्रोनवाल्या पोरांनी नेली. हल्ली फोटो काढणारे पोत्याने, धुवून घेणारा एक नाही. प्राथमिक शाळेतले पंड्यामास्तर माहीत आहेत ना? त्यांनी फोनवर बगळ्याचा फोटो काढला, कुठेसं बक्षीस मिळालं, आणि आता कार्ड छापलंय: ‘निसर्ग छायाचित्रकार’. मी सगळा जन्म पाटीवर नुसतं ‘फोटो’ लिहिलं. फोन हातात आला की जो तो उस्ताद!

आणि खरं-खोटं तर विचारूच नकोस. तेलघाण्याचे शामजीभाई आले. म्हणाले, “रमणीकभाई, दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोत आमचे बापुजी बसवून द्या, स्वर्गात बघतील.” दिले बसवून. महिन्याभराने परत हजर. “आता धाकट्याला तेवढं काढून टाका, वाटणीवरून वाजलंय आमचं.” तेही केलं. मेलेला बाप आला, जिवंत भाऊ गेला, आणि फोटो बघून कोणाला पत्ता लागायचा नाही. तेव्हापासून मी देवाच्या फोटोकडेसुद्धा दोनदा बघतो.

आता मुद्द्याचं.

तू उत्तरायणाचा गच्चीवरचा फोटो पाठवलास. मौलिककुमार पतंग उडवतायत, तू शेजारी फिरकी धरून उभी. बा एवढी हरखली, म्हणाली मोठी प्रिंट काढा. काढली. शोकेसमध्ये लावलीय, येईल त्याला दाखवते. “बघा, माझ्या पोरीचा जोडा!” मोठी केली नसती तर बरं झालं असतं.

मौलिककुमारांच्या तोंडावर ऊन उजवीकडून आहे. तुझ्या तोंडावर डावीकडून. त्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेत, तुझे टपोरे उघडे. मागे नुसतं आभाळ, तेही फोनने धुरकट करून टाकलेलं. आणि दोरा? त्यांच्या हातातून वर जाणारा दोरा लख्ख दिसतो. तिथून तुझ्या फिरकीकडे यायला हवा तो कुठाय? फिरकी तुझ्याकडे, पतंग त्यांच्याकडे, आणि मध्ये काहीच नाही.

बाला काही बोललो नाही. म्हातारपणी भिंग धरून बसायची खोड लागलीय, दुसरं काय. मौलिककुमारांची तब्येत बरी आहे ना? कामासाठी बाहेरगावी असतात का? घरीच असतात ना?

गूळ-तुपाची सुखडी वेगळी पाठवतोय. दोघांनी खा.

तुझा,
बापुजी

महुवा
३ फेब्रुवारी

चि. जलपा,

आशीर्वाद.

तुझा फोन आला. तू हसलीस. “बापुजी, हल्लीचा फोन आपोआप चेहरा उजळ करतो, डोळे मोठे करतो. तुम्ही अजून डार्करूममध्येच आहात.” बरं बाई, आहे. पण फोनला डोळेच मोठे करायचे होते तर जावयाचे का नाही केले? आपल्यात जावयाचा मान मोठा, हे त्याला ठाऊक नाही वाटतं! आणि दोरा म्हणे बारीक असतो, दिसत नाही. वरचा दिसतो आणि खालचा दिसत नाही?

मग मौलिककुमारांना फोन केला. उचलला नाही. थोड्या वेळाने एक अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी परत केला, तर गुलाबाच्या फुलात ‘शुभ सकाळ’. जावयाशी बोलायचं तर आता अंगठ्याशी आणि गुलाबाशी बोलायचं! शेवटी व्याह्यांना लावला. लगेच उचलला, फार गोड बोलले. “आमच्या लेकीच्या, ख्यातीच्या लग्नाची गडबड हो, वैशाखात सगळे या. जलपा? ही काय, स्वयंपाकघरात आहे, हात पिठाचे आहेत तिचे.”

त्याच वेळी बा शेजारी बसून तिच्या फोनवर तुझ्याशीच बोलत होती. आणि तुझ्या मागे कोणीतरी ओरडत होतं, “जलपाबेन, हिरव्या साड्या आधी घ्या!”

तुझ्या सासरच्या स्वयंपाकघरात हिरव्या साड्या शिजवतात काय?

मी व्याह्यांचा फोन ठेवला. बा समोर होती. पण आता आडून आडून लिहायचा मला कंटाळा आलाय. मौलिककुमार घरात नाहीत. कुठे गेलेत, कोणाबरोबर गेलेत, मला माहीत नाही, पण तुला टाकून गेलेत. तुझ्या सासरचे ख्यातीचं लग्न पार पडेपर्यंत झाकून ठेवतायत. आणि तू नवऱ्याला जुन्या फोटोतून कापून स्वतःच्या शेजारी चिकटवतेस, बाच्या छातीला धक्का नको म्हणून. खोटं असेल तर मला शिव्या दे, पण खरं काय ते कळव. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच आहे.

आधी वाटलं, सांगावं की मौलिककुमारांच्या हातात आजचा पेपर देऊन फोटो पाठव. मग म्हटलं, जो माणूस चिकटवतो त्याला पेपर चिकटवायला किती वेळ? बोलताना चेहरा दाखव म्हणावं, तर ‘नेट नाही’ हे उत्तर तुझ्याजवळ तयारच असतं. तुझ्या फोनमधून येईल त्यातल्या कशावरही माझा विश्वास बसणार नाही. बापाने पोरीला असं लिहावं याची मला लाज वाटते, तरी लिहितोय.

म्हणून या पार्सलात माझा जुना कॅमेरा आहे. आत काळं-पांढरं रीळ भरलंय. माझ्याकडचं शेवटचं, तारीख कधीच उलटून गेलेली, पण फ्रिजमध्ये होतं. उजेडाचा काटा बिघडलाय, तेव्हा खिडकीजवळ उभी राहा. लहानपणी स्टुलावर चढून माझ्या मागे मागे सगळं बघायचीस, तुला वेगळं शिकवायला नको. तुझा आणि मौलिककुमारांचा एक फोटो काढून घे, रीळ गुंडाळ आणि न धुता मला पाठव. तिथे कोणाकडे देऊ नकोस. मी माझ्या हाताने धुवीन. त्यावर जे आहे तेवढंच असेल.

पाठवलं नाहीस तर तेही उत्तरच समजेन.

बापुजी

महुवा
१९ फेब्रुवारी

माझी लाडकी जलपा,

रीळ काल मिळालं. सोबतची चिठ्ठीही मिळाली. तू वरती लिहिलं होतंस, ‘आधी धुवा, मग वाचा.’ तसंच केलं. दुपारी दुकान बंद केलं, मागच्या खोलीच्या फटींना चिंध्या लावल्या. औषधाची पुडी जुनी, हात त्याहून जुने. रीळ चढवताना दोनदा सुटलं. देवाचं नाव घेतलं.

मी एकच फोटो मागितला होता. तू सगळं रीळ भरून पाठवलंस.

ओलं रीळ दिव्यासमोर धरलं आणि एकेक चौकट बघत गेलो. खिडकीचे गज. एकच खाट. स्टोव्हवर एकच छोटं पातेलं. मग प्लास्टरच्या पुतळ्याला नेसवलेली साडी, समोर फोन लावायची तिपाई. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका, एक तोंडावर पदर धरून हसतेय. किती छान टिपलीस गं ती! आणि शेवटी आरसा. त्यात तू, कॅमेरा छातीशी, भिंगाखाली डावा तळवा, जसा धरायला हवा तसा. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, तुझे केस पांढरे दिसत होते. क्षणभर मला बाच वाटलीस.

मौलिककुमार एकाही चौकटीत नाहीत. ते मला अपेक्षितच होतं. मी मनात म्हटलं, बघ रमणीक, बरोबर ओळखलंस.

मग चिठ्ठी वाचली.

‘बापुजी, तुम्ही उलटं ओळखलंत. मौलिक घरीच आहेत. त्यांच्या गच्चीवर ते खरेच होते, फिरकी ख्यातीने धरली होती. तिने स्टेटसला फोटो लावला होता, त्यातून तिला काढलं आणि तिच्या जागी मला चिकटवलं. मी दिवाळी सरताच, लाभपाचमीलाच घर सोडलं. पटलं नाही. फिरकी बाजारातून विकत आणली आणि खोलीच्या खिडकीत उभी राहून माझा फोटो घेतला. मी दुकानात हिशेब लिहीत नाही, साड्यांचे फोटो काढते, फोनवर. खोलीचं महिन्याचं भाडं त्यातून सुटतं. सासरच्यांनी सांगितलं, ख्यातीच्या लग्नापर्यंत गप्प राहा. मी बाकरता गप्प राहिले.’

एवढा मोठा जाणता मी! दोघांपैकी एक चिकटवलेला आहे हे उन्हावरून ओळखलं. पण तो एक कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. फोटोतली माझी पोरच खोटी असेल असं मनातच आलं नाही.

बाला सांगितलं. गोळी आधी दिली, मग सांगितलं. ती उठली, शोकेसमधला फोटो काढून पालथा ठेवला. मला वाटलं, आता पडते.

“मला काय धरताय? मला काही होत नाही,” म्हणाली. मग माझ्यावरच उखडली. “ऊन कुठून आलं, दोरा कुठे गेला! महिनाभर भिंग घेऊन बसलात. त्या दिवशी सगळी दुनिया गच्चीवर ओरडत होती, आणि माझी पोर एकटी खोलीत फिरकी धरून उभी होती. खिडकीत कसल्या तोंडाने हसली असेल ती?”

आम्ही दोघं बराच वेळ रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

जोड मात्र बेमालूम होता हो. कडा मलाही सापडली नाही. आणि फोनवाल्यांबद्दल मी जे लिहिलं ते पंड्यामास्तरांपुरतं समज.

आता जे तू चिठ्ठीत लिहिलं नाहीस ते.

आरशातल्या फोटोची मोठी प्रिंट काढली. तुझी डावी भुवई मध्येच तुटलेली आहे. आधी म्हटलं, जुनं रीळ, ओरखडा असेल. पुसलं. तिरकं धरून बघितलं. ओरखडा नाही. व्रण आहे, टाके घातलेला. फोनमधल्या एकाही फोटोत तो नव्हता, तिथे तुझं कपाळ लोण्यासारखं. आणि तू नेमकी तीच बाजू खिडकीकडे करून उभी राहिलीस. बाप भिंग घेऊन बसणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. ‘पटलं नाही’ एवढंच लिहिलंस, आणि बाकीचं मला असं दाखवलंस.

त्याचा हात झडो! यापुढे माझ्या तोंडून त्याला ‘कुमार’ निघणार नाही. व्याह्यांशीही बोलणार आहे, वैशाखाची वाट बघणार नाही. लग्न त्यांचं आहे, तोंड लपवायची वेळही त्यांचीच.

बारीक टोकाची पेन्सिल फिरवून मी आयुष्यभर निगेटिव्हवरचे लोकांचे डाग घालवले. देवीचे वण, जळल्याच्या खुणा, मुलगी बघायला येणार म्हणून गालावरचे तीळसुद्धा. तुझ्या फोटोपुढेही सवयीने पेन्सिल हातात घेतली होती. ठेवून दिली. प्रिंटमध्ये तो व्रण आहे तसा आहे.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी पहाटेच्या बसने आम्ही दोघं सुरतेत उतरतो. बाला इथे थांब म्हटलं तर तिने थेपल्यांचं पीठ मळायला घेतलं. तुला घरी न्यायला येतोय असं समजू नकोस. तुझं काम आहे, खोली आहे, राहायचं की यायचं ते तू ठरव. आमचं काम वेगळं आहे. तोवर एकही फोटो पाठवू नकोस, कुठलाच नको. नुसती दारात ये.

तुझी भुवई स्वतःच्या बोटांनी चाचपायला निघालेला,
तुझा बाप