पाटा, वरवंटा आणि मी

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोज एक वॉटरकलर. विषय: घरातल्या जुन्या वस्तू. विळी, सूप, रवी, पाटा-वरवंटा. मी रिटायर झालो, संस्कृतीला होऊ देणार नाही. बाल्कनी हा माझा स्टुडिओ. बायकोने, म्हणजे रोहिणीने तिथे वाळत घातलेल्या मिरच्या आत हलवल्या.

४ नोव्हेंबर
पाटा-वरवंटा मॉडेल म्हणून बाल्कनीत. मॉडेल हलवायचं नसतं. रोहिणीने विचारलं, चटणी कशावर वाटू? म्हटलं, कलेसाठी त्याग करावा लागतो. त्याग नेहमी माझाच का, म्हणाली. उत्तर सुचलं की लिहीन.

७ नोव्हेंबर
पाणी जरा जास्त झालं. सूप वाहून गेलं. ही टेक्निक आहे. रोज एक चित्र हे बंधन कलावंताला मारक. यापुढे जमेल तसं.

१२ नोव्हेंबर
टाकीवाल्या गोजराबाई आल्या. पाटा लय गुळगुळीत झालाय, टाकी लावते म्हणाल्या. छिन्नीने ठोकून खड्डे पाडणार! मॉडेलच्या चेहऱ्यावर! परत पाठवलं. रोहिणी दिवसभर माझ्याशी फक्त मिक्सरमधून बोलली.

१६ नोव्हेंबर
प्रदर्शन ठरलं! रविवारी, इथेच इंदिरानगरात, सोसायटीच्या हॉलमध्ये. पाच वस्तू आणि एक सेल्फ पोर्ट्रेट. रोहिणीची अट: चित्रांखाली नावं नकोत. एकाने जरी एक वस्तू ओळखली तर बाल्कनी माझी. नाहीतर पाटा आत, मिरच्या बाहेर. किती सोपी अट घातली बिचारीने.

२३ नोव्हेंबर, दुपारी १
वरच्या मजल्यावरचा वाल्मीक विळीला बदक म्हणाला. नव्या पिढीला विळी माहीतच नाही. (वाल्मीक बासष्टचा आहे.) सुपाला कुणी गोदावरीचा पूर म्हटलं, पाट्याला मोबाइल. मला भीती वाटते आहे. बाल्कनी जाणार.

दुपारी ४
ओळखलं! गोजराबाई आल्या आणि थेट एका चित्रापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ह्यो तर वरवंटा हाय, पर लय झिजलाय. ते माझं सेल्फ पोर्ट्रेट होतं. हे कुणालाच सांगितलं नाही. वरवंटाच, असं मीही चारचौघांत ठासून सांगितलं. जिंकलो!

२४ नोव्हेंबर
रोहिणीने हार मानली. वरवंट्याने चष्मा का लावलाय, एवढंच विचारलं. मग म्हणाली, स्वतःच कबूल केलंत, तर आता वरवंट्याची जागा पाट्यावर. गोजराबाईंनी सकाळीच टाकी लावून दिली. आज शेंगदाण्याची चटणी झाली, उद्या जवसाची. खांदे भरून आलेत.
बाल्कनी माझीच आहे. तिथे मिरच्या वाळताहेत.