डोंगरवाटेचे बूट

किहीम,
नोव्हेंबरचा तिसरा आठवडा

प्रिय सुजित,

पोस्टाचं पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधी खुशाली सांगून टाकते. आई-बाबा गावी, तळ्याला, बरे आहेत. भात कापून झालंय, झोडणी चालू आहे. साहिल बरा आहे. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आमच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या, पाहुण्यांसाठी घावन काढून काढून माझे हात भरून आले. आणि मी अखेर डोंगरात पळायचे बूट घेतले. ही काही पत्रात लिहायची बातमी नाही असं तुला वाटेल, पण मला तुला बुटांचंच सांगायचं आहे, अगदी पहिल्यापासून. फोनवर तू मध्येच विषय बदलतोस, म्हणून लिहितेय.

मी पळते हे तुला माहीत आहे, पण कुठे आणि किती ते माहीत नसेल. साहिलशी लग्न होऊन इथे आले तेव्हा ओहोटीच्या कडक वाळूत पळायचे, अनवाणी. मग शेजारची प्राप्ती भेटली. ती शाळेत पीटी शिकवते, आणि तिला सपाट जागेचा कंटाळा आहे. तिने मला कनकेश्वरच्या डोंगरावर नेलं. देवळाच्या पायऱ्या सोडून बाजूने एक वाट वर जाते. अवघड नाही, सोपीही नाही. लाल माती, जांभ्याचे दगड, मुळं, मध्येच घसरता मुरूम. वर पोचलं की खाली समुद्र दिसतो. सुजित, मला त्या वाटेचं वेडच लागलं. खोल्यांच्या चादरी, पाहुण्यांची जेवणं, नळाचं पाणी, हे सगळं खाली राहायचं. येत्या डिसेंबरात अलिबागची पळणारी मंडळी त्याच वाटेवर शर्यत ठेवणार होती. प्राप्तीने आमची दोघींची नावं देऊन टाकली.

गणपतीत माझ्या हनुवटीवरचे टाके बघून तू विचारलं होतंस, आणि मी मोरीत घसरले म्हणून सांगितलं होतं. मोरीत नाही, त्या वाटेवर पडले होते. ऊन लख्ख होतं, वाट कोरडी होती. एक दगड होता, मला तो दिसलाच नाही. प्राप्ती म्हणाली, तुझे बूट रस्त्यावर पळायचे आहेत, तळ गुळगुळीत झालाय, डोंगराला वेगळे बूट लागतात. मला ते लगेच पटलं. त्यातून सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, तेही होतंच. चांगले बूट घेतले की दोन्ही प्रश्न सुटतील, असं मी धरून चालले.

अलिबागला मितेशभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. माणूस हौशी. त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. तळाला किती खोल खाचा हव्यात, पुढे बोटांना जागा किती हवी, टाचेखाली मऊ थर किती जाड. "टाच दुखते ना, ताई? मग कुशन जास्त घ्या. गादीवर चालल्यासारखं वाटेल." मी सगळ्यात जाड तळाचे बूट घेतले. खरंच गादी होती. टाचेचं दुखणं कुठल्या कुठे गेलं. पण डोंगरात गेले आणि पाय मुके झाले. खाली दगड आहे की माती, उतार आहे की खड्डा, काही कळेचना. दोनदा घोटा मुरगळला. प्राप्तीने तसलेच बूट घातले होते, ती मजेत पळत होती. मला नवल वाटलं. आता कळतं की इतके दिवस मी ती वाट पायांनीच बघत होते, आणि जाड गादीने तेवढंही झाकून टाकलं.

मितेशभाईंनी कुरकुर न करता बूट बदलून दिले. या खेपेला पातळ आणि कडक घेतले. जमीन पायाला लागायला लागली, पण चार दिवसांत टाच अशी दुखायला लागली की स्वयंपाकघरात मी चवड्यांवर चालायचे. एकीकडे घरात दुसरंच चाललं होतं. अंगणातल्या बादलीला रोज माझा पाय लागायचा. पाहुण्यांच्या चहाचा ट्रे मी दाराच्या चौकटीवर आपटला. साहिल आधी हसायचा, मग वैतागायला लागला. बघून चालत जा ना, म्हणायचा. त्याचंही काय चुकलं? मी पेपर वाचते, सुईत दोरा ओवते, लांब उभी असलेली होडी ओळखते. पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही, हे कोणाला खरं वाटेल? मलाच वाटत नव्हतं. टाके काढताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, एकदा डोळे दाखवून घ्या. शेवटी गेले. अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथे एक तपासणी असते. पांढऱ्या अर्ध्या गोलात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठे बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण धरून तयार बसले. बराच वेळ काही होईना. मला वाटलं मशीन तापतंय. शेवटी मी तिथल्या मुलीला विचारलं, "सुरू कधी करणार?"

ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, सुरू आहे."

माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, सुजित. कडेची नजर आधी जाते. रात्रीचं दिसणं त्याहून आधी. मधलं दिसणं पुष्कळ वर्षं टिकतं, कधी टिकत नाही. आपल्याकडे आज तरी औषध नाही, चष्म्याने किंवा ऑपरेशनने फरक पडत नाही. मला पायाशी, डोक्यावर, दोन्ही बाजूंना फार थोडं दिसतं. इतकी वर्षं मान हलवून हलवून मी ते भरून काढत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. साहिल ते ऐकून घरी आला आणि त्याने पांढरा ऑइलपेंट आणून सगळ्या पायऱ्यांच्या कडा रंगवल्या. मग विहिरीचा कठडा रंगवला. मग तुळशीवृंदावनाचा ओटा, त्याला तर मी कधी धडकलेसुद्धा नव्हते. डबा संपला तेव्हा तो ब्रश हातात घेऊन तसाच बसून राहिला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

हा आजार घराण्यातून येतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं होतं, आई-वडील नात्यातले आहेत का? मी सांगितलं, आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी. घरी फोन केला तेव्हा बाबांनी हे ऐकलं आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "आमाला काय ठावं होतं गो?" मी म्हटलं, कोणालाच ठाऊक नसतं आई. पण तेव्हापासून बाबा फोनवर येत नाहीत. शेतात आहेत, असंच ती सांगते.

त्यानंतर मी पुन्हा मितेशभाईंकडे गेले. आता मला नेमकं माहीत होतं की बूट कशासाठी हवेत. त्यांना आजाराचं सांगितलं. ते एकामागून एक खोकी काढत सुटले. दुकानासमोर गटाराचं काम चालू होतं, खडी पडली होती. त्यांनी मला नवेकोरे बूट घालून त्या खडीवर चालू दिलं. मी मध्यम कुशनचे घेतले. टाचेला आधार, पण दाबलं तर घट्ट लागणारे, खडा असला तर तो आहे एवढं पायाला सांगणारे. तळ रुंद, म्हणजे घोटा वळणार नाही. पुढच्या टोकाला जाड रबर, कारण माझी ठेच पुढेच लागते. रंग भडक नारिंगी, खाली मान घातली की निदान स्वतःचे पाय सापडावेत म्हणून. निघताना मितेशभाई म्हणाले, नाही जमले तर परत आणा, कधीही आणा. माझा हात धरून त्यांनी मला दुकानाची पायरी उतरवली. ती मला दिसत होती. पण मी हात सोडवून घेतला नाही.

मागच्या रविवारी ते घालून डोंगरावर गेलो. प्राप्ती पुढे, मी तिच्या मागे, तिच्या पिवळ्या टी-शर्टवर नजर ठेवून. ती ओरडून सांगत होती, दगड, मूळ, उतार. उन्हाचा पट्टा होता तोवर छान पळाले. टाच दुखली नाही, पाय घसरला नाही, खालची माती पायांना कळत होती. मग वाट झाडीत शिरली. उजेडातून सावलीत गेले आणि माझ्यापुढचं सगळं विझलं. प्राप्तीचा टी-शर्टही. ती हाका मारत होती, मी उभी होते. पाय पुढे उचलेना. ती मागे आली, तिचा घसा बसला होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. बुटांचा काही दोष नव्हता, सुजित. बूट अगदी बरोबर निघाले. इतके बरोबर बूट मला आजवर मिळाले नव्हते. संध्याकाळी मी शर्यतीतून नाव काढून घेतलं.

आता हे तुला का लिहितेय ते सांगते. डॉक्टरांनी निघताना आणखी एक विचारलं होतं, पाठचं भावंड आहे का? मी म्हटलं, एक भाऊ आहे, अगदी धडधाकट. ते म्हणाले, असेलच असं नाही, पण त्यांना एकदा आणा. मी ते तुला सांगायचं टाळलं. परवा आई सहज बोलून गेली की तू रसायनीच्या कारखान्यात दिवसपाळी मागून घेतलीस. रात्री मोटरसायकलवर समोरच्या गाडीचा उजेड आला की म्हणे तुला पुढचं काही दिसत नाही. आणि विसर्जनाला काळोखात तलावाकडे उतरताना तू मोरूकाकांच्या खांद्यावर हात टाकून चालला होतास, ते मला आठवलं. आम्हाला वाटलं, किती प्रेमाने म्हाताऱ्याला धरून नेतोय. सुजित, तुलाही कळलंय का? कळून गप्प बसला आहेस का? मी रागावत नाही, मीही बुटांवर ढकलत बसले होते. पुढच्या शुक्रवारी रजा काढ. मी एसटीने पनवेलला येते, स्टँडवर थांबते, आपण दोघं दवाखान्यात जाऊ. माझी शंका खोटी निघाली तर मला हवं तेवढं हस. खरी निघाली तर मला काही करता येणार नाही, फक्त तुझ्याशेजारी बसता येईल. तोवर अंधार पडल्यावर गाडी चालवू नकोस, बाळा. माझं एवढंच ऐक.

तुझीच,
मृणालताई